हात माझा, कातडी पाहुण्याची

"ते आधी झाक. ते त्याचं रिझर्वेशनचं तिकीट आहे."

आमच्या कंपनीचे साहेब निखिल सर हे इंग्रजीत बोलले. खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गंमत केली रे. मनावर घेऊ नकोस."

खोली म्हणजे कतारमधल्या अल रय्यानच्या एका बंदिस्त स्टेडियमची चेंजिंग रूम. मी खुर्चीत. उजवा हात कोपरापासून पुढे टेबलावर पसरलेला, रक्त काढायला पसरतात तसा. ग्रेस नावाची फिलिपिनो मेकअपवाली त्यावर स्पंजानं गोरा रंग थापत होती. मनगटाच्या वर गोंदलेलं आहे, जय भीम. नववीत असताना जत्रेत गोंदून घेतलं. गोंदणाऱ्यानं 'भि' ऱ्हस्व काढला, त्याबद्दल मराठीच्या मास्तरांचा मार वेगळा खाल्ला. ग्रेसनं सहज विचारलं होतं, हे काय, गर्लफ्रेंडचं नाव? त्यावर निखिल सरांचं हे उत्तर.

सगळे हसले. साउंडवाला हसला, लाइटवाला हसला. त्यांना काय कळलं देव जाणे. साहेब हसले म्हणून हसले.

मीही हसलो.

सगळ्यांपेक्षा थोडं जास्तच हसलो. माझं हसणं फार तयार आहे. कुणी लाथ मारायला पाय उचलला की लाथ बसायच्या आधी ते बाहेर येतं.

आता हा रंग कशासाठी, ते सांगतो.

अमेरिकन फुटबॉलमधला एक निवृत्त क्वार्टरबॅक कतारमध्ये मुलांसाठी अकादमी काढत होता. मोठा माणूस. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं माझं घेतलं नाही, मी त्याचं घेणार नाही. फिट्टंफाट. त्याला पाहुणा म्हणू. उद्घाटनाला पाहुणा हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला चेंडू फेकणार, अशी जाहिरात सगळीकडे लागली होती. आणि पाहुण्याचा खांदा संपला होता. किती शस्त्रक्रिया झाल्या ते त्यालाही आठवत नव्हतं. केस विंचरायचे तर डाव्या हातानं विंचरायचा.

मग निखिल सरांनी डोकं चालवलं. स्टेजवर धूर सोडायचा. पाहुणा धुरात मागे जाणार, आणि त्याच्या जर्सीत, त्याच्या हेल्मेटमध्ये, काळ्या काचेआड मी बाहेर येणार. चेंडू फेकणार. पुन्हा धूर. मी आत, पाहुणा हेल्मेट काखेत घेऊन बाहेर, टाळ्या. उंचीचा फरक भरून काढायला माझ्या बुटात रबर घातलं होतं. अडचण एकच. पाहुणा डावा हात लांब बाहीत आणि मोज्यात झाकायचा, पण उजवा उघडा ठेवून खेळायचा आणि त्या हातावर त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं होतं, एमा. ते जगाला पाठ. म्हणून माझा हात गोरा करायचा, जय भीम बुजवायचं, वर एमा चिकटवायची.

आणि मीच का? कारण मीही क्वार्टरबॅक होतो. पगारी. हसू नका. हसलात तरी चालेल, सवय आहे.

मी मूळचा भालाफेकवाला, परभणीकडचा. विद्यापीठाच्या मैदानावर भाला फेकत असताना अमेरिकन लोकांची एक टोळी आली. भारतात त्यांच्या फुटबॉलची लीग काढायची म्हणून पोरं शोधत होते. त्यांना लांब फेकणारा हात हवा होता. मला नोकरी हवी होती. तो अंड्यासारखा चेंडू पहिल्यांदा हातात दिला तेव्हा मी विचारलं होतं, "ह्यातली हवा गेलीय का?"

पुण्यात शिबिर लागलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना निळ्या जर्सी दिल्या आणि मला एकट्याला लाल. अमेरिकन कोच काहीतरी बोलला. शेजारी आपलाच एक मराठी मदतनीस होता, त्यानं भाषांतर केलं. "लाल घातलेल्याला कुणी शिवायचं नाही."

माझं डोकं फिरलं.

कुणी शिवायचं नाही? परभणीहून इथवर आलो ते हे ऐकायला? लाल जर्सी कोचच्या पायाशी आपटली. कुणाची तरी निळी ओढून घातली. "शिवा म्हणावं," म्हणालो, "सगळ्यांनी शिवा." पहिल्याच डावात सांगलीचा एक पैलवान गडी मला असा शिवला की बरगडी मोडली. दवाखान्यात पडल्या पडल्या मी समाधानात होतो. दुखत होतं, पण शिवला तर! संध्याकाळी कोच आला आणि बोटांच्या खुणा करून समजावलं. सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी देतात, कारण तो संघातला सगळ्यात मोलाचा माणूस. त्याला इजा व्हायला नको, म्हणून शिवायचं नाही.

मोलाच्या माणसालाही शिवत नाहीत, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

क्वार्टरबॅकचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अकरा जणांत तोच ठरवतो आता काय करायचं. दर डावाआधी सगळे घोळका करतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, आणि एकटा क्वार्टरबॅक बोलतो. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मग सगळे आपापल्या जागी, आणि त्याच्या हाकेवर डाव सुटतो. त्याची हाक नाही तर खेळ नाही. आमच्या गावात पंचायतीसमोरून जाताना माझा बाप आवाज खाली करायचा. बोलत असला तर वाक्य अर्धं सोडायचा आणि पुढे गेल्यावर पुरं करायचा. आणि इथं पाटलांची, देशमुखांची धिप्पाड पोरं कमरेत वाकून माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी काय म्हणतो याची वाट बघत. त्यांचं मन मोठं होतं म्हणून नव्हे. खेळाचा नियमच तसा.

मला इंग्रजी आकडे घाईत सुचायचे नाहीत. म्हणून मी मराठीत हाक द्यायचो. "बसा... दम धरा... सुट!" समोरचे तमीळ गडी बावचळायचे. कोच आधी ओरडला, मग म्हणाला, हेच चालू दे.

जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. एकदा आमच्याच गड्याच्या पाठीत चेंडू मारला, एकदा उलट्या दिशेला पळालो. तरी टीव्हीवर दिसलो. मग पैसेवाले कंटाळले, कोच परत गेले, लीग मिटली. घरी कुणी विचारलं, काय करत होतास एवढे दिवस, तर धड सांगता येईना. क्वार्टरबॅक होतो म्हटलं तर लोक म्हणायचे, पूर्ण बॅक कधी होणार?

मग कतार. इव्हेंट कंपनीत स्टोअरचं काम. इंडस्ट्रियल एरियातलं गोदाम, खुर्च्या, तंबू, स्पीकर, कार्पेटच्या वळकट्या. कंपनीच्या बसनं यायचं, बसनं जायचं. माझ्या अर्जात 'व्यावसायिक क्वार्टरबॅक' असं लिहिलेलं वाचून निखिल सरांनी दोन वर्षं माझी चेष्टा केली. पार्टीत कुणी नवीन भेटला की मला बोलावून घ्यायचे. "हा बघा आमचा इंडियन क्वार्टरबॅक! फेक रे, तो नॅपकिन फेक!" मी फेकायचो.

दोह्यात हौशी खेळणारे अमेरिकन आहेत, त्यांच्यातला एखादा का नाही घेतला? घेणार होते. ते म्हणाले, नाव जाहीर करा. मग सरांना मी आठवलो. माझा व्हिसा कंपनीचा. "तू आपला माणूस आहेस," सर म्हणाले. "हे नीट कर, अकादमीत असिस्टंट कोच म्हणून तुझं नक्की. माझा शब्द." आपला माणूस! पुण्याच्या कुठल्या पेठेत मी त्यांचा आपला होतो, ते सोडा. पण कोच. परत मैदान, परत घोळका, परत हाक. त्यासाठी मी हात काय, पाठसुद्धा रंगवून घेतली असती.

तर ती रंगीत तालीम. नावाप्रमाणे रंगीतच.

पहिला चेंडू फेकला तो सरळ साउंडवाल्याच्या टेबलावर. तळव्यालाही रंग लावला होता, हात बुळबुळीत झालेला. दुसरा मागे गेला. मी पुढे फेकला आणि तो मागे गेला, विज्ञानाला आव्हान. ग्रेस धावत आली, तळवा पुसला. निखिल सर माझा पंजा उलटा करून बघत म्हणाले, "तळवा राहू दे तसाच. देवानं ह्यांना तेवढा तरी गोरा दिलाय."

'ह्यांना'. मी एकटा उभा होतो.

मी हसलो. पण या वेळी हसू उशिरा आलं. मलाच जाणवलं.

तिसरा चेंडू बरोबर गेला. हॉलच्या त्या टोकाला पळणाऱ्या लेबनॉनच्या पोराच्या ओंजळीत. करीम त्याचं नाव. हातातून चेंडू सुटतानाच कळतं, तो पोचणार. इतक्या वर्षांनी कळलं. मी सवयीनं ओरडलो, "सुट्टला!"

"आवाज नाही!" निखिल सर धावत आले. "एक अक्षर नाही. तू बोललास की खेळ खलास. हाक आधीच रेकॉर्ड केलीय, त्याच्या आवाजात."

पाहुणा कोपऱ्यात खांद्यावर बर्फ धरून बसला होता. मला जवळ बोलावून घेतलं. कुठे खेळलास विचारलं. सांगितलं. तो हसला नाही, हे मान्य करतो. मग स्वतःचं बोलत राहिला. बाप लहानपणापासून अंगणात टायर टांगून फेकायला लावायचा. टायरमधून चेंडू गेल्याशिवाय जेवण नाही. पुढे कॉलेज, पैसा, ज्या शहरात गेला तिथे घराबाहेर गर्दी. एका मोसमात हरला तर त्याच गर्दीनं त्याच्या जर्सी जाळल्या. वेदनेच्या गोळ्या खाऊन खेळायचा, सामन्यानंतर आपण कुठल्या गावात आहोत ते बायकोला विचारायचा. "लोकांना माझा हात हवा होता," म्हणाला. "बाकीचा मी त्यांना अडचण होतो."

मला वाटलं, याला कळेल. याला नाही तर कुणाला?

म्हणालो, "सर, उद्या शेवटी स्टेजवर एकदा माझं नाव घ्याल? फेक कुणाची होती ते सांगू नका. फक्त म्हणा, हाही क्वार्टरबॅक होता. आमच्याकडचा."

त्यानं बर्फाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बुटांकडे बघितलं.

"करारात बसत नाही, दोस्त," म्हणाला.

दोस्त. नाव विचारलंच नव्हतं त्यानं.

खोलीवर आलो. माझा खोलीतला जोडीदार इक्बालभाई रत्नागिरीचा, कंपनीची गाडी चालवतो. त्यानं हात बघितला आणि डोळे मोठे केले. "काय रे, पिठात बुचकळलास?" रंग साबणानं जाईना. शेवटी त्यानं खोबरेल काढलं आणि चोळायला बसला. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. उचलला. तीच नेमकी चूक.

"हाताला काय झालं रं?" आई फोनमध्ये तोंड घालून बघत होती. "कोड फुटलं का काय?"

"नाही गं. रंग आहे. कार्यक्रमाचं काम. मी फेकणारे, सगळे बघणारेत."

"मग रंग का?"

"एका गोऱ्या माणसाच्या बदली फेकायचंय. तोंड दिसत नाही, हेल्मेट असतं. हात तेवढा दिसतो."

आई अंगणवाडीत खिचडी शिजवते. तिच्या हातची खिचडी नको म्हणून गावातल्या काही बायांनी पोरं पाठवायची बंद केली होती, तेव्हा ती रोज चूल पेटवून, भरलं पातेलं घेऊन, दारात बसून राहिली होती. पोरं परत येईपर्यंत.

"म्हंजी हात बाटला तर धुऊन घेत्यात," ती म्हणाली. "आन् तू धुऊ दिलास."

इक्बालभाईचा चोळणारा हात थांबला. मी रेंज जातेय असं म्हणून फोन ठेवला. रेंज उत्तम होती.

"कोचचं काम लागेल ना?" इक्बालभाईनं विचारलं.

"लागेल म्हणालेत. इन्शाल्ला."

"आणि लागल्यावर? तिथं तरी तुझा रंग चालेल?"

मी खोबरेलाची बाटली त्याच्या हातातून घेतली आणि उरलेला रंग स्वतःच चोळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तीच खुर्ची. ग्रेसनं परत रंग थापला. मनात अजून काहीच ठरलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. बंड करणारी माणसं आधी मूठ आवळतात, शांतपणे श्वास घेतात. मी दोनदा लघवीला जाऊन आलो.

हॉल भरलेला. पुढे बडे लोक, पांढऱ्या कडक कपड्यांतले. मागे पोरांना घेऊन आलेले आईबाप, त्यात आपलीही बरीच घरं. धूर सुटला. पाहुणा आत आला, मी बाहेर गेलो. त्याच्या नावाचा गजर उठला. हजार गळे. माझ्या अंगावर दुसऱ्याच्या नावाची जर्सी आणि कानात दुसऱ्याच्या नावाचा गजर, आणि मला, लाज वाटते सांगायला, क्षणभर बरं वाटलं.

मग स्पीकरमधून हाक सुरू झाली. रेकॉर्ड केलेली, भारदस्त. माझ्यासमोर चेंडू घेऊन वाकलेला गडी त्या हाकेची वाट बघत होता. करीम कडेला वाकून उभा. सगळे त्या आवाजाकडे कान लावून. आणि मी मध्ये उभा. तोंड असून.

हाक कुणाची? डाव कोण सोडतंय?

मी दोन्ही हात वर करून डाव थांबवला. क्वार्टरबॅकला तो हक्क असतो. हेल्मेट काढायला गेलो तर हनुवटीखालचं बटण निघेना. हजार माणसांसमोर मी स्वतःच्या गळ्याशी झटापट करत उभा. कुणीतरी हसलं. कडेला निखिल सर मराठीत ओरडत होते, "काय करतोस? अरे ए! धूर सोडा, धूर!" धुराचं यंत्र फुसफुसलं आणि बंद पडलं. शेवटी बटण तुटलं. हेल्मेट जमिनीवर.

माझं काळं तोंड, घामेजलेलं. गोरा हात. मधेच तोडून जोडल्यासारखा मी दिसत असणार. जर्सीच्या टोकानं हात पुसला. घामानं आणि कालच्या खोबरेलानं सुटलेला रंग जर्सीला लागला, एमा अर्धी निघाली, खाली भीमाचा भि दिसला. ऱ्हस्वच.

आणि मी माझ्या आवाजात हाक दिली. "बसा! दम धरा! सुट!"

चेंडू हातात आला. फेकला. लांब गेला. चांगला गेला.

आणि करीम पळालाच नाही. मराठी हाक ऐकून तो बिचारा जागच्या जागी, तोंड उघडं टाकून उभा. चेंडू कुणीच नसलेल्या जागी पडला, वेडावाकडा उसळला आणि भिंतीशी जाऊन थांबला.

टाळी एकही नाही. वरच्या रांगेतून एका पोराचा आवाज आला, "पप्पा, हू इज ही?" पप्पांनी त्याला गप्प केलं.

आयुष्यात एकदा बंड केलं, तेही झेल सुटलेलं. पण तो फुकट गेलेला चेंडू माझा होता. त्या हॉलमध्ये तेवढीच एक गोष्ट खरी घडली होती.

मागच्या बोळात पाहुणा भिंतीला टेकून उभा होता. तोंड लालेलाल. "तू माझी अब्रू घेतलीस," म्हणाला. मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. आरशातला. कीव करायचा मोह झाला. केली नाही. त्याला घरी जायला विमान होतं आणि जाळण्यापुरत्या का होईना, नावाच्या जर्सी होत्या.

निखिल सर आले ते फोन हातात धरूनच. "ऐक. अजून सावरता येईल. मी व्हिडिओ घेतो. तू म्हण, मी त्यांचा वेडा चाहता आहे, घुसून कपडे घातले, माफ करा. हसत म्हण. तुला जमतं तसं. स्टोअरची नोकरी राहील. नाही म्हणालास तर तिकीट काढतो, यल्ला, उद्याच्या उद्या परभणी." मग आवाज बदलून म्हणाले, "अरे, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. आपली माणसं आहोत आपण."

फोन वर केला. "बोल."

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. हसू शोधलं. नेहमीच्या जागी नव्हतं.

माझं नाव सांगितलं. बापाचं, आईचं, गावाचं. मी क्वार्टरबॅक होतो हे सांगितलं. कुठल्या संघाचा, कुठल्या मैदानांवर, कुणाकुणाकडून हरलो, सगळं. माझ्या हाताला काल काय लावलं आणि लावताना कोण काय म्हणालं, ते शब्द बदलल्याशिवाय सांगितलं. म्हणालो, मी कुणाचा चाहता नाही. माफी मागणार नाही. आणि यापुढे माझ्या हातानं दुसऱ्याच्या नावाचा एकही चेंडू जाणार नाही. पोटाला चिमटा बसला तरी नाही.

निखिल सरांनी मधेच फोन खाली केला.

मी बोलायचा थांबलो नाही.